सुपारीत दिलेली गाडी

आमची गाडी रात्रीतून खाली बसायची. आधी पुढची डावी बाजू, मग मागची. उजाडताना अंगणात पाहिलं तर म्हातारी म्हैस एका कुशीवर रेलावी तशी ती तिरकी झालेली असायची. साध्या गाड्यांना स्प्रिंगा असतात, पाटे असतात. या गाडीला हवेच्या उशा होत्या. रबराच्या चार पिशव्या, त्यांत पंपानं भरलेली हवा, आणि त्या हवेवर सगळा डौल उभा. पिशव्या जुन्या होऊन त्यांना बारीक चिरा गेल्या की हवा हळूहळू निघून जाते. इंजिन सुरू केलं की पंप लागतो, गाडी आधी मागून, मग पुढून वर येते, आणि बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

मी तेच करायचो. घर जागं व्हायच्या आत उठायचो, चप्पल न घालता अंगण ओलांडायचो, गाडी सुरू करायचो आणि ती उभी राहीपर्यंत आत बसून राहायचो. कुणी विचारलंच तर डिझेलची गाडी आहे, रोज जरा गरम करावी लागते, असं सांगायचो. भाऊ धारा काढून गोठ्यातून बाहेर येईपर्यंत गाडी तोऱ्यात उभी असायची. दुधाची किटली एका हातात घेऊन तो दुसरा हात तिच्या बॉनेटवरून फिरवायचा. काचेच्या आत मी बसलेला असायचो. त्याला वाटायचं, दादाचा जीव आहे गाडीवर.

सोनईच्या शिवारात आमची जमीन. एका अंगणात दोन घरं. धाकटा भाऊ शेती बघतो, मी खता-बियाण्यांचं दुकान चालवतो. रस्ता रुंद करताना आमच्या रानाची एक पट्टी गेली, तिचे पैसे दोघांच्या नावावर आले. भावाचं म्हणणं होतं, वरच्या विहिरीपासून खालच्या रानापर्यंत पाइपलाइन करू. मी म्हणालो, पाइपलाइन काय, कधीही होईल. आणि पुण्याला जाऊन एका बिल्डरनं वापरलेली, परदेशी कंपनीची मोठी गाडी घेऊन आलो. नवी असताना तिच्या जवळ उभं राहायलाही आम्ही बिचकलो असतो. जुनी झाल्यावर ती एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात मिळत होती. ती तशी का मिळते, हे मी स्वतःला विचारलं नाही. स्वस्तातलं बियाणं स्वस्त का असतं हे गिऱ्हाइकाला रोज समजावून सांगणारा मी.

भाऊ एका शब्दानं बोलला नाही. उलट ‘आमच्या दादाची गाडी’ म्हणून तोच गावभर सांगत सुटला. गावात कुणाचंही लग्न असो, नवरदेव मिरवायला आमचीच गाडी. आमच्याकडे गाडी मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही, आणि मला ते आवडत होतं. वरातीपुढे चालणारी माणसं वळून वळून गाडीकडे बघायची आणि मी आत बसून समोर बघायचो.

मग डॅशबोर्डवर लाल अक्षरं यायला लागली. गाडी फार खाली आहे, थांबा. पहिल्यांदा मी बंद करून परत सुरू केली, अक्षरं गेली. काही दिवसांनी ती जाईनात. तेव्हा पुण्याच्या शोरूमला दाखवून आणतो असं भावाला सांगून मी एकटाच निघालो.

शोरूममध्ये चामड्याचे सोफे होते आणि गारवा इतका, की माझ्या बुटांना लागलेली माती वाळून फरशीवर पडायला लागली. मी ती पायानं सोफ्याखाली सारली. कॉफी आली. मग गळ्यात ओळखपत्र घातलेला एक मुलगा हातात टॅब घेऊन माझ्याशेजारी बसला. अतिशय नम्र. त्यानं मला गाडीच्या पोटाचे फोटो दाखवले.

“सर, चारही कॉर्नर लीक आहेत. कॉम्प्रेसर, म्हणजे हवेचा पंप, सतत चालून चालून संपत आलाय. पुढच्या चाकांचे आर्म्सही गेलेत.”

“एकच बाजू बदलली तर?”

“करून देऊ सर. पण मग बाकीच्या तीन बाजू जातील आणि तुम्ही आमच्यावर रागवाल.”

त्यानं बोट सरकवलं. आकडा आठ लाखांच्या पुढं होता. मी चष्मा काढून पुसला आणि परत बघितला.

“टॅक्स धरून?”

“टॅक्स वेगळा सर.”

“काही कमी-जास्त?”

“लेबरवर थोडा डिस्काउंट देऊ शकतो सर. पार्ट बाहेरून येतात, त्यांत आमच्या हातात काही नसतं.” मग जरा पुढं झुकून, “एक सांगू का सर? या स्टेजला बरेच जण एक्स्चेंजचा विचार करतात.” आणि त्यानं काचेपलीकडे उभ्या असलेल्या नव्या गाडीकडे बघितलं.

आमच्या गाडीचे एक्स्चेंजला काय देता म्हणून विचारलं. त्यानं सांगितलेला आकडा दुरुस्तीच्या आकड्याहून खाली होता. म्हणजे आमच्या अंगणात मिरवणारी वस्तू मायनसमध्ये होती. मी कॉफीच्या कपात बघत बसलो.

दुरुस्ती आत्ता नको, असं मी म्हणालो. त्याला वाईट वाटलं नाही, त्याला याची सवय असावी. उठताना तो एवढंच म्हणाला, “सर, खाली बसलेल्या अवस्थेत हायवेला नका चालवू. वळणावर एका बाजूची हवा एकदम गेली तर गाडी हातात राहत नाही. मी सांगितलंय हं तुम्हाला.”

“हो, सांगितलंत,” मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा भाऊ अंगणातच होता.

“काय म्हनले शोरूमवाले?”

“काय म्हणणार? ठणठणीत आहे म्हणाले.”

“मी म्हनलो न्हवतो? फॉरेनचं लोखंड हाय ते!”

एवढंच झालं. एक वाक्य. त्या वर्षी खालच्या रानातला ऊस पाण्यावाचून पिवळा पडला होता आणि माझ्यासमोर त्याचा विषय निघू नये म्हणून भाऊ जपत होता. अशा माणसाला मी काय सांगणार होतो? तुझी पाइपलाइन रोज रात्री हवेत निघून जाते म्हणून?

पुढच्या थंडीत पुतणीचं लग्न ठरलं. मुलगी फार्मसी शिकलेली, नगरला एका औषध कंपनीच्या गोदामात नोकरीला, रोज घरून ये-जा करणारी. मुलगा श्रीगोंद्याकडचा, साखर कारखान्यात केमिस्ट. माणसं साधी, बोलायला मोकळी. सुपारीच्या बैठकीला ती आमच्या अंगणात आली. आमच्याकडे सुपारी फोडायच्या आधी यादी होते. कुणी कुणाला काय करायचं ते चार माणसांत बोललं जातं, म्हणजे पुढं कुणी कुणाला बोल लावायला नको. मुलाचे वडील सुरुवातीलाच म्हणाले, “आमचं मागनं काई न्हाई. पोरगी आन नारळ द्या.” ते खरं होतं. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो, की त्यांनी काही मागितलं नव्हतं.

मुलाचा चुलता मात्र गमत्या माणूस. चहा पिता पिता त्याची नजर गाडीवर गेली. सकाळी मीच ती उभी करून, धुऊन, बैठकीसमोर लावली होती.

“ही कुनाची म्हनायची?”

“आमच्या दादाची,” भाऊ म्हणाला.

“लई भारी हाय राव. आमच्या नवरदेवाला एकदा बसवून तरी बघा. न्हायतर बिचारा जलमभर कारखान्याच्या जीपमधीच बसायचा.”

सगळे हसले. भाऊ हसला नाही. आमच्याकडे पाहुण्यानं एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की यजमान पेचात पडतो. हे कौतुक आहे की मागणं, हे त्याला ठरवता येत नाही. आणि मुलीचा बाप असला की तो ते मागणंच धरून चालतो. भाऊ उभा राहिला.

“बसवून कशाला? गाडी पोरीलाच दिली.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, भावानंसुद्धा. त्यानं मला न विचारता माझी वस्तू देऊन टाकली होती आणि आता डोळ्यांनी विचारत होता. दादा, चुकलो का?

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. मला राग आला नाही. मला पुतणीची काळजीही वाटली नाही. मला वाटलं, सुटलो. ती लाल अक्षरं, ते पहाटेचं उठणं, ते आठ लाख, सगळं माझ्या अंगणातून कायमचं जाणार होतं. आणि वर माझं नाव होणार होतं.

“माझ्या मनातलंच बोलला,” मी म्हणालो.

मुलाचे वडील नको नको म्हणत राहिले. पण बैठकीनं एकदा मान डोलावली की बापाचं कोण ऐकतो? सुपारी फुटली. गमत्या चुलत्यानं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि म्हणाला, “चुलता असावा तर असा. न्हायतर आमी!” परत हशा. फेटा घट्ट बसला होता. स्वयंपाकघराच्या दारात पुतणी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि हसत नव्हती. मला वाटलं, सासरच्या विचारानं कावरीबावरी झाली असेल.

सुपारीपासून लग्नापर्यंतचा काळ मी कसा काढला, हे सांगायला नको वाटतं, पण सांगतो. गाडी आता सकाळी उभी राहायलाही वेळ लावायला लागली होती. पंप घरघरायचा, थांबायचा, परत घरघरायचा. एकदा बायको दारातून म्हणाली, “अहो, रोज काय तिला अंगाई गाता?” मी हसलो. आणि त्याच दिवशी नगरला, एमआयडीसीच्या बाजूला असल्या गाड्यांचं काम करणारा एकजण आहे असं ऐकून, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, हवेचं सगळं काढून स्प्रिंगा टाकून देतो, मग गाडी टेम्पोसारखी चालेल, पण बसायची नाही. ते नको, मी म्हणालो. टेम्पोसारखी गाडी पाहुण्यांना लगेच कळली असती. दुसरं काही करता येईल का?

“करता येईल की. चिरांवर लेप मारतो, दुसऱ्या गाडीतला जुना पंप बसवतो. पण टिकायचं न्हाई. किती दिवस चालवायची हाय तुमाला?”

“लग्न होईपर्यंत.”

तो हसला. “मंग पुढचं नवरदेव बघंल.”

मी काम करून घेतलं. शोरूममधून आल्यावर मी भावाला जे सांगितलं, ते एक वेळ भीतीपोटी होतं असं म्हणता येईल. हे तसं नव्हतं. हे मी नगरला जाऊन, वाट बघत बसून, करून घेतलं होतं.

गाडी त्यानंतर रात्रभर उभी राहायला लागली. मी मात्र पहाटे उठतच होतो. ती उभी आहे का ते बघायला.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी पुतणीला सोनईला सोडायचं होतं. ब्लाउज टेलरकडे होता. मी गाडी काढली. ती पुढं शेजारी बसली, पट्टा लावला, आणि वस्ती मागं पडल्यावर समोर बघतच म्हणाली, “मोठे पप्पा, गाडीला काय करून आणलंत?”

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

“कुठं काय?”

“गाडी रोज रात्री बसत होती. आता बसत नाही. काहीतरी केलंच असणार ना तुम्ही.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? माझी खोली कुठल्या बाजूला आहे? कॉलेजला होते तेव्हापासून पहाटे उठायची सवय आहे मला. तुम्ही अनवाणी येता, आत बसता, गाडी वर येते, मग तुम्ही उतरता. एकदा नाही, रोज.”

रस्त्यावर उसाची मोळी पडली होती. मी वळसा घालून गाडी पुढं घेतली. तेवढाच वेळ मिळाला.

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, तुम्ही बोलाल. सुपारीच्या दिवशी तर नक्की बोलाल वाटलं.” ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “तुम्ही फेटा बांधून घेत होता.”

मी उगाच आरसा नीट केला.

“मला एवढंच सांगा. तिथं गेल्यावर गाडी बसली की ते मला विचारणार. मी काय सांगायचं? माहीत होतं म्हणाले तर मी लबाड. माहीत नव्हतं म्हणाले तरी मी लबाड. माझं तिथलं पहिलं बोलणंच खोटं. आणि ते सगळे शोरूमला जाणार, लाखांतला आकडा ऐकणार, मग आयुष्यभर ‘तुझ्या चुलत्यानं दिलेली गाडी’ ऐकत बसायचं मी.”

“मी करून देतो दुरुस्ती.”

“कशातून? पप्पांच्या पाइपलाइनीतून?”

सोनई आली. ती उतरली, दार लावताना वाकून म्हणाली, “मी पप्पांना सांगणार नाही. तुम्हीच सांगा. आजच.” आणि दार जोरात लावलं. गाडीचं दार जड असतं, त्याचा आवाज मऊ येतो. तो राग माझ्यापर्यंत मऊ होऊनच पोहोचला, पण पोहोचला.

घरी परतलो तेव्हा भाऊ मांडववाल्यांशी हुज्जत घालत होता. मी त्याला गोठ्यामागं नेलं आणि सांगितलं. शोरूमचं, आठ लाखांचं, पहाटेचं, नगरच्या लेपाचं. सुटलो असं वाटलं तेही सांगितलं. एवढं एका दमात मी आयुष्यात बोललो नव्हतो. तो ऐकत होता. हातात सुतळीचा गुंडा होता, तो उलगडत होता आणि परत गुंडाळत होता.

“ठनठनीत हाय म्हनला हुता तुमी मला.”

“हो.”

“आन मी चार मानसांत उभा ऱ्हायलो.”

“हो.”

मला वाटलं, तो ओरडेल. मला ते हवं होतं. त्यानं सुतळी बैलगाडीच्या जुन्या चाकावर ठेवली.

“चला. श्रीगोंद्याला. पावन्यांना आत्ताच सांगायचं.”

“जीप घेऊ कुणाची तरी.”

“जीप कशाला? हीच काढा. मलाबी बघू द्या, पोरीला काय दिलंय ते.”

तो डाव्या बाजूला बसला. बसणाऱ्या बाजूला. नगरपर्यंत तो डॅशबोर्डकडेच बघत होता. मी जपून चालवत होतो. नगर सोडून दौंड रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळानं लाल अक्षरं आली. भावानं ती वाचली. इंग्रजीतली होती, पण लाल रंग कुणालाही वाचता येतो.

“काय म्हनती?”

“थांबा म्हणते.”

“तुमी कधी थांबला हुता का तिचं ऐकून?”

मी वेग कमी केला. लेप सुटला असावा, कारण डावी बाजू हळूहळू खाली जाताना जाणवत होती. गतिरोधकावर चाक वरच्या पत्र्याला घासलं आणि जळक्या रबराचा वास आला. मागं दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता. गाण्यांच्या दणदणाटात तो आम्हाला मागं टाकून गेला आणि ट्रॅक्टरवाल्यानं वळून या तिरक्या, चकचकीत गाडीकडे बघितलं.

“उतरून बघू का?”

“उतरून काय करनार? चाला.”

श्रीगोंदा जवळ आलं. पुलाअलीकडे डावीकडे वळण आहे. समोरून ऊसतोडणीवाल्यांची बैलगाडी येत होती. उसावर एक बाई, तिच्या मांडीवर मूल. मी स्टिअरिंग वळवलं आणि त्याच वेळी पुढून काहीतरी फसकन सुटल्यासारखा आवाज झाला. गाडी एकदम कलली आणि स्टिअरिंग माझ्या हातातून ओढल्यासारखं फिरलं. वळणात आम्ही आडवे, बैलगाडीच्या अंगावर निघालो होतो. मी दोन्ही हातांनी ओढत होतो, ते येत नव्हतं. मग माझ्या हातांवर भावाचे हात आले. राबणारे, जाड हात. आम्ही दोघांनी मिळून ते चाक ओढलं. गाडी कच्च्या बाजूला उतरली, खडीवर घासत गेली आणि थांबली. बैल बुजून मान हलवत होते. बाईनं पोराला छातीशी धरलं होतं. गाडीवान शिव्या देत होता आणि त्या सगळ्या बरोबर होत्या.

धूळ बसली. भावाचे हात अजून माझ्या हातांवर होते. त्यानं ते काढून घेतले.

“माझ्या जागी पोरगी बसली असती,” तो म्हणाला.

मी मान हलवली.

तिथून पाहुण्यांच्या घरापर्यंत आम्ही माणसाच्या चालीनं गेलो. चाक घासत होतं, कुत्री मागं भुंकत येत होती. त्यांच्या दारातही मांडव पडला होता. गाडी मांडवाजवळ उभी राहिली तेव्हा तिचा डावा कोपरा जमिनीला टेकायचाच बाकी होता. गमत्या चुलता पुढं आला.

“काय पाव्हनं, गाडीनं आत्तापासूनच वाकून नमस्कार कराया सुरुवात केली का?”

कुणीतरी हसलं. मी म्हणालो, “ही आज वाकली नाही. बरीच आधी वाकलीय. मला माहीत होतं.”

मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मुलाचे वडील खुर्चीवर बसलेले होते, ते उठून उभे राहिले.

“सुपारीच्या टायमाला म्हाईत हुतं?”

“होतं.”

“मंग द्यायची कशाला? मागितली हुती का आमी?”

“मी समजलो, तुमच्या मनात हाय,” भाऊ खाली बघत म्हणाला. “हे बोलले ना, बसवून बघा म्हनून.”

चुलत्याचा चेहरा उतरला. “अवो, मी गंमत केली हुती. मी तर नव्या ट्रॅक्टरलाबी तसंच म्हनतो.”

कुणी बसा म्हणालं नाही. तेवढ्यात मुलाची आई आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. पदर खोचून ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “पोरीला म्हाईत हाय का हे?”

पुतणीला सकाळी याच प्रश्नाची भीती वाटत होती, फक्त तो तिच्याऐवजी मला विचारला गेला. भाऊ माझ्याकडे बघत होता. नाही म्हणालो असतो तर मुलगी त्या घरात स्वच्छ गेली असती, असं वाटायला जागा होती. आणि उद्या कधीतरी तिच्या तोंडून खरं निघालं असतं तर? माझ्या सवयीचं उत्तर तोंडापर्यंत आलं होतं.

“माहीत आहे,” मी म्हणालो. “तिला माझ्याही आधी लाज वाटली. आज सकाळी तिनंच मला गाडीत विचारलं. तिच्यामुळं आलो. आपणहून आलो नसतो.”

बाईनं गाडीकडे बघितलं, मग भावाकडे.

“तुमची पोर यीव द्या,” ती भावाला म्हणाली. “तिला आनायला आमची जीप येईल. ही गाडी मातर घिऊन जा तुमची.” आणि मग माझ्याकडे न बघता, “फेटा बांधायच्या आधी बोलायचं असतं दादा. आता चहा घ्या.”

चहा आला. तो गोड होता एवढं आठवतं. चुलता त्यानंतर एकदाही विनोद करून बोलला नाही.

गाडी चालवण्यासारखी राहिली नव्हती, ती तेवढ्यापुरती त्यांच्या दारात ठेवून आम्ही एसटीनं परतलो, एकाच बाकावर. नगरला एसटी बदलताना भावानं माझंही तिकीट काढलं. मी नको म्हणालो नाही.

लग्न लागलं. पाहुण्यांत सगळ्यांना कळलं होतं, कारण असली गोष्ट मांडवात राहत नाही. मानाचे फेटे बांधायला भाऊ माणसांच्या ओळीतून येत होता. माझ्यापाशी आला, क्षणभर थांबला, आणि पुढच्या माणसाकडे गेला. मी हात मागं बांधून उभा राहिलो. निघताना पुतणी पाया पडायला वाकली. उठताना माझ्या कानाशी म्हणाली, “आता पहाटे उठायचं बंद करा.” आणि कारखान्याच्या जीपमध्ये जाऊन बसली.

मी उठायचं बंद केलं. गाडी ट्रकवर घालून घरी आणली. आता ती कायमची बसलेली असते. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. कोंबड्या तिच्या सावलीला बसतात. मी ती विकायला काढली आहे, पैसे पाइपलाइनीला द्यायचे आहेत. बघायला माणसं येतात, बहुतेक करून माझ्यासारखी. हात फिरवतात, आत बसून बघतात, डोळ्यांत तेच येतं जे माझ्या डोळ्यांत आलं होतं. मी त्यांना आधी सगळं सांगतो. पिशव्या, चिरा, आठ लाख, पुलाजवळचं वळण. सांगून झालं की माणसं उतरतात, चहा पितात आणि जातात.

परवा असाच पाथर्डीकडचा एकजण आला होता. बोलका. सगळं ऐकूनही त्याचं मन निघेना. “भाव काय म्हनता?” म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होता आणि गाडी गेली तर बरं, असं मलाही वाटायला लागलं होतं. लग्नापासून भाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलतो, दादा म्हणत नाही. तो गोठ्यात धार काढत होता. दुधाच्या धारांचा आवाज थांबला.

“दादा,” आतून आवाज आला, “पंपाचं ऱ्हायलं सांगायचं.”

“हो,” मी म्हणालो. आणि त्या माणसाला पंपाचं सांगितलं.